इंग्रजीच्या तासाला टीचर काय बोलतात?

जून २००० मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी ती पाचवीपासून असे. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. मराठीचे काय होणार, सहा वर्षांच्या मुलांना हे ओझे झेपेल का, अशी वादावादी वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. आमच्या शाळेत चहाच्या सुट्टीत मात्र एकच विषय होता. पहिलीच्या वर्गात उभे राहून ही इंग्रजी बोलणार कोण?

उत्तर सोपे होते. मी.

मी तेव्हा कोकणातल्या एका जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवत होते. चौदा वर्षांची नोकरी झाली होती. डी.एड. उर्दू माध्यमातून केलेले. बारावीपर्यंत इंग्रजी होती, पण ती पाठांतराची. गाईवरचा निबंध, आईवरचा निबंध, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज. फॉर्म भरता येई, औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता येई. पण समोरच्या माणसाशी इंग्रजीतून एक वाक्य बोलले आहे, असे आयुष्यात कधी घडले नव्हते. आणि ही फक्त माझी गोष्ट नव्हती. आमच्या केंद्रातल्या मराठी आणि उर्दू अशा दोन्ही शाळांमधल्या बहुतेक गुरुजी-बाईंची हीच गत होती. कबूल करायला लाज वाटायची, एवढेच.

सरकारने आम्हाला वाऱ्यावर सोडले असे नाही. तालुक्याच्या गावी पाच दिवसांचे प्रशिक्षण झाले. आमचे सुलभक सज्जन गृहस्थ होते, पण ते स्वतः आठवड्यापूर्वीच जिल्ह्याहून शिकून आले होते. त्यांना शिकवणारे राज्य पातळीवरून शिकून आले होते. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्या ज्ञानाची एक पुस्तिका झाली होती आणि सर ती वाचून दाखवत होते. "वर्गात मुलांशी जास्तीत जास्त इंग्रजीतून बोला," हे त्यांनी आम्हाला मराठीतून सांगितले. आम्ही ते वहीत उर्दूतून लिहून घेतले.

तिसऱ्या दिवशी मला पाठ घ्यायला उभे केले. "स्टँड अप, सिट डाऊन" म्हटले, "क्लॅप युवर हँड्स" म्हटले, आणि पुढे शब्दच सुचेना. समोर चाळीस शिक्षक पहिलीची मुले होऊन बसलेले. कोणीतरी हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले. पाचव्या दिवशी प्रवासभत्त्याचा फॉर्म भरला, प्रमाणपत्र घेतले आणि घरी आले.

घाबरलेला शिक्षक वर्गात काय करतो, हे मी त्या वर्षी शिकले. तो फळ्याकडे पळतो. पहिलीच्या पुस्तकाचा भर गाणी, चित्रे, हावभाव यांवर होता. मुलांनी आधी ऐकावे, बोलावे, अशी कल्पना होती. मी काय केले, तर एबीसीडी फळ्यावर लिहून मुलांकडून गिरवून घेतली. "ए फॉर ॲपल, ॲपल यानी सेब." वह्या भरल्या. पालक खूश झाले, कारण भरलेली वही घरी दिसते. वर्ष संपले तेव्हा चौतीस मुलांपैकी एकालाही 'मला पाणी हवे' एवढे इंग्रजीतून मागता येत नव्हते. कसे येणार? तसे बोललेले त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकलेच नव्हते.

ज्या पद्धतीने आम्हाला शिकवले गेले, ती काही नवी नव्हती, हे मला बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात वाचायला मिळाले. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. पुढे तिचेच इंग्रजी व विदेशी भाषांचे विद्यापीठ झाले. त्याच सुमारास मद्रास राज्याने एक मोठी मोहीम हाती घेतली. इंग्रजीची सुरुवात करून देणाऱ्या २७,००० शिक्षकांना नव्या पद्धतीचे शिक्षण द्यायचे. एवढ्यांना एका जागी कसे शिकवणार? मग आधी थोड्यांना शिकवायचे, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी त्यापुढच्यांना. या मोहिमेला 'मद्रासचा स्नोबॉल' असे नाव पडले. बर्फाचा गोळा घरंगळत मोठा होतो, तशी. मद्रासच्या उन्हात बर्फाची उपमा कोणाला सुचली असेल कोण जाणे, पण घरंगळताना तो गोळा वितळतोही, हे त्या नावातच लपलेले होते. १९६२ मध्ये डेव्हिड स्मिथ यांनी इंग्रजी अध्यापनाच्या एका नियतकालिकात या मोहिमेवर लेख लिहिला. तेव्हापासून आजपर्यंत आपल्याकडची बहुतेक शिक्षक-प्रशिक्षणे याच उतरंडीने चालत आली आहेत. त्याला कारणही आहे. शिक्षक लाखांत आणि चांगले प्रशिक्षक मोजके, तेव्हा सरकारपुढे दुसरी वाट फारशी नसते. पण वरच्या माठातले पाणी खालच्या माठात जाताना प्रत्येक वेळी थोडे सांडते. शेवटच्या माठाशी आम्ही बसलेलो असतो.

माझ्या बाबतीत फरक पडला तो अगदी साध्या गोष्टीने. शेजारच्या मराठी शाळेत एक वयस्क बाई होत्या, निवृत्तीला चार वर्षे राहिलेल्या. केंद्रसभेत त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "तुलाही जमत नाही ना?" मी मान हलवली. "मग शनिवारी ये." शनिवारी शाळा सकाळची असते. शाळा सुटल्यावर त्यांच्या वर्गात आम्ही चौघी जमू लागलो, दोन मराठी शाळेच्या, दोन उर्दूच्या. नियम एकच. पहिला अर्धा तास इंग्रजीच बोलायची. चुकली तरी चालेल, मराठी-उर्दूत पळायचे नाही. पहिल्या शनिवारी आमची इंग्रजी सात मिनिटांत संपली. उरलेली तेवीस मिनिटे आम्ही हसत होतो. पण हे हसणे प्रशिक्षणातल्या हसण्यासारखे नव्हते.

त्यानंतर प्रत्येकीने आठवड्यात वर्गात केलेला एक प्रयोग करून दाखवायचा. काय जमले, कुठे फसले, तेही सांगायचे. ऐकायला फार लहान वाटते. पण बघा, पाच दिवसांच्या प्रशिक्षणात मला कोणी हे विचारलेच नव्हते की तुझ्या वर्गात काय होते. तिथे मी फक्त ऐकणारी होते. शनिवारी मात्र माझ्या वर्गातली अडचण मांडली जाई आणि पुढच्या शनिवारी तिचा हिशेब द्यावा लागे.

तिथेच मला एक गोष्ट कळली, जी कोणत्याही पुस्तिकेत नव्हती. माझी मुले 'ही' आणि 'शी'मध्ये सतत गोंधळत. मुलीला 'ही', मुलाला 'शी'. मला वाटे, पोरे लक्ष देत नाहीत. मराठी शाळेच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे हा घोटाळा एवढा होत नाही." का? विचार केला तेव्हा उलगडले. उर्दूत 'वो' म्हणजे तोही, तीही आणि तेही. "वो आया, वो आई." लिंग कळते ते क्रियापदावरून. सर्वनाम तेच. माझ्या मुलांच्या डोक्यात 'ही' आणि 'शी'साठी दोन कप्पेच नव्हते. मराठीत मात्र तो, ती, ते असे तीन कप्पे तयार असतात. आता आमच्या मुलांना मराठी काही परकी नव्हती. गावात, बाजारात, एसटीत ती मराठीच बोलत. मी फळ्यावर तीन चित्रे काढली आणि आधी मराठीतून म्हणवून घेतले. तो, ती, ते. मग त्याच बोटाने ही, शी, इट. दोन आठवड्यांत गोंधळ निम्म्यावर आला.

बाहेरून आलेल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या तज्ज्ञाला हे सुचले असते का? शंका आहे. त्याला उर्दू येत असती आणि मराठीही येत असती तर कदाचित. इथेच गावातल्या शिक्षकाचे पारडे जड होते. मूल 'स्कूल'ला 'इस्कूल' का म्हणते, ते आम्हाला कळते, कारण आमच्या घरातही तसेच म्हणतात. 'ए' आणि 'द' ही चिमुकली अव्यये मुले का गाळतात? उर्दूत नाहीत, मराठीतही नाहीत, म्हणून. पहिलीतले मूल इंग्रजीची वही उलट्या बाजूने का उघडते? त्याची उर्दू उजवीकडून डावीकडे चालते म्हणून. ही मुलांची चूक नव्हे. ते एका भाषेचा रस्ता दुसऱ्या भाषेत शोधत असतात आणि तो रस्ता माहीत असलेली शिक्षिका त्यांना वळण दाखवू शकते. प्रशिक्षणात आम्हाला आमच्या इंग्रजीची लाज शिकवली गेली. आमच्या उर्दू-मराठीचा उपयोग कोणी शिकवला नाही. आजही माझी सगळ्यात मोठी तक्रार ती आहे.

म्हणून सगळा तास मातृभाषेतच घ्यावा, असे मात्र मी म्हणत नाही. तो दुसरा खड्डा, आणि मी त्यात वर्षभर राहिलेली आहे. भाषा ऐकल्याशिवाय येत नाही. खेड्यातल्या मुलाच्या कानावर दिवसभरात पडणारी इंग्रजी म्हणजे टीचर बोलतील तेवढीच. तेव्हा टीचरने रोज थोडी तरी बोललीच पाहिजे. आणि ती कामाची असली पाहिजे. "खिडकी उघड", "कोण आले नाही?", "तुझ्या डब्यात काय आहे?" अशी.

कामाची म्हणजे काय, यावर आपल्याच देशात एक मोठा प्रयोग झाला आहे. मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमधले एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही साध्या शाळांमध्ये तो केला. त्या काळी वाक्यांचे साचे घोकून घेण्याची पद्धत होती, मद्रासच्या मोहिमेत शिकवली गेली तीच. प्रभूंनी साचे बाजूला ठेवले. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे, नकाशा ठेवायचा आणि प्रश्न सोडवायला सांगायचे. अमुक गाडी चुकली तर दुसरी कोणती मिळेल? इथून तिथे जायला कोणते वळण घ्यावे? शिक्षक आधी सगळ्या वर्गाबरोबर तसाच एक प्रश्न बोलत बोलत सोडवून दाखवी, मग मुले दुसरा आपापला सोडवत. लक्ष उत्तराकडे, भाषा वाटेत शिकायची. १९८७ मध्ये त्यांचे यावरचे पुस्तक आले आणि जगभर त्याची चर्चा झाली. मला त्यांचा आणखी एक विचार जवळचा वाटतो. ते म्हणतात की सर्वांसाठी एकच उत्तम अशी पद्धत नसते. आपण करतो आहोत त्यातून मुले खरोखर शिकत आहेत, अशी शिक्षकाची स्वतःची समजूत जागी असणे महत्त्वाचे. ती नसेल तर चांगली पद्धतही यंत्रासारखी वापरली जाते. 'क्लॅप युवर हँड्स' म्हणताना माझे नेमके तेच झाले होते.

आमच्या शाळेत रेल्वेचे वेळापत्रक मुलांना दूरचे होते. आम्ही एसटीचे घेतले. आणखी एक गोष्ट घेतली. आमच्याकडे घरटी एक माणूस कुवेत, सौदी, दुबईला. मुलांना घड्याळातला फरक माहीत होता, कारण अब्बांचा फोन कधी येणार यावर घर चालायचे. "इथे सात वाजले, तर कुवेतला किती?" हा प्रश्न मी इंग्रजीतून विचारला आणि जी मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती तिने पहिल्यांदा उत्तर दिले. "फोर थर्टी." बरोबर होते.

परदेशातल्या नोकऱ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या वाडीतले दोन तरुण एकाच कंपनीत गेले. शिक्षण सारखेच, दहावी. एकाला साहेबाशी चार वाक्ये बोलता येत, मालाची यादी वाचता येई, तो गोदामात लागला. दुसरा बाहेर उन्हात ओझी उचलत राहिला. घरोघरी ही गोष्ट माहीत आहे आणि म्हणूनच इंग्रजीसाठी आपल्या घरांतून एवढी तडफड आहे. ती खोटी नाही.

मुलींचे काय? याबाबतीत एक जुना माणूस मला आठवतो. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२६ मध्ये त्यांचे बंगालमधल्या द्वैभाषिकतेवरचे पुस्तक निघाले. त्यांनी पाहिले की बंगालमध्ये इंग्रजी सुरू करणाऱ्या मुलांपैकी शेवटपर्यंत पोचणारी फार थोडी. बाकीची मध्येच शाळा सोडतात. मग त्यांच्या हाती काय उरते? त्यांनी विम्यातला शब्द वापरला, सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच बंद केली तर पदरात काय पडते, ते. अभ्यासक्रम असा असावा की मूल ज्या दिवशी शाळा सोडेल, त्या दिवसापर्यंतची इंग्रजी त्याच्या कामी यावी. वेस्ट यांचा भर वाचनावर होता. माझ्या मते आपल्या मुलींना वाचनाबरोबर बोलणेही हवे, पण मूळ प्रश्न त्यांनी नेमका विचारला. आमची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल नऊ किलोमीटरवर. दर वर्षी दोन-तीन मुली सातवीनंतर घरी बसत. पहिल्या काही वर्षांत त्यांच्या पदरात काय पडले? एबीसीडी आणि स्वतःचे नाव. त्यांच्यापैकी एक नंतर भेटली, लहान मुलाला घेऊन दवाखान्यात. औषधाची पट्टी माझ्यापुढे धरून विचारत होती, "टीचर, ह्याच्यावर काय लिवलंय?" दिवसातून किती वेळा द्यायचे, ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिले होते. सात वर्षे ती माझ्या वर्गात होती.

त्यानंतर मी पाचवी ते सातवीच्या तासांना औषधाच्या रिकाम्या पट्ट्या, बिस्किटांचे पुडे, बँकेच्या स्लिपा आणायला लागले. वरच्यांना ते पाठटाचणात बसत नाही असे वाटले. मी बसवले.

आमचा शनिवार चार वर्षे चालला. मग बाई निवृत्त झाल्या, एकीची बदली झाली आणि तो थांबला. पण पुढे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर होताना पाहिली तेव्हा बरे वाटले. २०१६ पासून महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून 'तेजस' नावाचा प्रकल्प काही जिल्ह्यांत चालवला. त्यात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट केले होते. जवळपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसत, गट चालवणारा त्यांच्यातलाच एक शिक्षक. ठरवलेला उपक्रम वर्गात करून बघायचा आणि पुढच्या बैठकीत त्याविषयी बोलायचे. मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर विचारपूस. त्याआधीपासून पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने 'वुई लर्न इंग्लिश' नावाचा रेडिओवरचा इंग्रजीचा कार्यक्रम राज्यातल्या शाळांसाठी तयार केला होता. जॉन आणि झाकिया कुरियन यांनी उभी केलेली ही संस्था. रेडिओतला आवाज प्रश्न विचारी, वर्गातली मुले उत्तर देत. शिक्षिका मुलांबरोबर ऐकायची आणि मुलांबरोबरच शिकायची, लाज न वाटता. ज्या शिक्षिकेला उच्चारांची धास्ती असते तिला हा मोठा आधार.

आता घरातली गोष्ट. गेल्या वर्षी माझ्या मुलाने ठरवले की नातीला गावातल्या शाळेतून काढून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालायचे. फी परवडणारी होती. मी म्हटले, घाल, पण आधी एक तास वर्गाबाहेर उभा राहून ऐक. तो गेला. परत आला तेव्हा गप्प होता. बोर्ड इंग्रजी, पुस्तके इंग्रजी, गणवेशाला टाय. आत टीचर विज्ञानाच्या धड्याचे एकेक वाक्य वाचून त्याचे हिंदीत भाषांतर करत होत्या आणि मुले प्रश्नोत्तरे उतरवून घेत होती. त्या मुलीला मी दोष देत नाही. तुटपुंज्या पगारावर, कोणतेही प्रशिक्षण नसताना ती तेच करत होती जे मी २००० मध्ये केले. फळ्याकडे पळत होती. फरक इतकाच की माझ्या वर्गात एक विषय बुडत होता, तिथे सगळे बुडत होते.

नात अजून गावातल्याच शाळेत आहे. मुलगा पूर्ण राजी नाही, आणि त्याची काळजी मला कळते. घरात या विषयावर अजून बोलणे होते, कधी जेवताना आवाजही चढतो. माझी सून त्याच केंद्रातल्या उर्दू शाळेत शिकवते. तिने आता आपला शनिवार सुरू केला आहे, सहा जणींचा. त्यांच्याकडे आमच्याकडे नव्हती अशी एक गोष्ट आहे, मोबाईल. प्रत्येकीने आपल्या तासाची दहा मिनिटे ध्वनिमुद्रित करायची आणि घरी ऐकून मोजायचे. मी इंग्रजीची किती वाक्ये बोलले, आणि मुले किती बोलली?

पहिल्या आठवड्यात सुनेचा हिशेब होता, तिची चाळीस, मुलांची तीन, आणि त्या तीनपैकी दोन 'येस टीचर'. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ती परत परत ऐकत होती आणि कपाळावर हात मारत होती. गेल्या शनिवारी तिने वर्गात डबे उघडायला सांगितले आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या डब्यात काय आहे ते विचारायला लावले. तिची एकोणीस, मुलांची सव्वीस. एकाने 'चपाती अँड अंडा' म्हटले तेही तिने धरले आहे. मी म्हटले, धर.